गंगीवरचा खटला

माझ्या नातवाने वटार गावातल्या आमच्या बागेच्या उरलेल्या तुकड्यात कोंबड्या पाळल्या आहेत. घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून तो तिथल्या दोन खोल्यांत एकटाच राहतो, दिवसभर संगणकासमोर बसतो आणि मधल्या वेळात शेतकरी असतो. कोंबड्यांना त्याने नावं ठेवली आहेत. खुराड्यात एक आरसाही टांगला आहे. आरसा कशाला, असं मी विचारलं, तर कोंबड्या त्यात रमतात असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलंय म्हणाला. मला ते पटलं नाही, पण सोडून दिलं. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला: "आजोबा, एक मांजर येऊन राहिलंय, गोड आहे. पण कोंबडीची दोन पिल्लं दिसत नाहीत. पाळीव मांजरापासून कोंबड्यांना धोका असतो का?" मी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये चहा पीत होतो. एका बोटाने टाइप केलं, "असतो. घालव त्याला." आणि पाठवून दिलं. लगेच त्याचा अंगठा आला. चहा निवण्याआधी माझ्या लक्षात आलं की आयुष्यात दुसऱ्यांदा मी एका मांजराला दोषी ठरवलं होतं, आणि याही वेळी पिल्लांचं काय झालं याचा मांजर सोडून दुसरीकडे शोध घेतला नव्हता. पहिल्या वेळची हकीकत मी आजवर घरात निराळी सांगत आलो. ती आता आहे तशी लिहितो. आमची घरची बोली वेगळी, ती लिहायला गेलो तर माझ्याच सुनेला कळायची नाही, म्हणून सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावतो. मूळ बोलणं याहून बरंच तिखट होतं एवढं धरून चालावं.

आमचं घर केळीच्या बागेत होतं. पुढे विहीर, विहिरीवर नवा आलेला तेलावर चालणारा पंप, मागे मोगऱ्याचे वाफे. दिवस उजाडायच्या आत बायका मोगऱ्याच्या कळ्या खुडून टोपल्या भरत आणि त्या टोपल्या दादरला जात. उन्हाळ्यात राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी मांडवावर पसरलेली असत. त्या उन्हात तापलेल्या गोड वासाने माशा, मुंग्या, कावळे आणि आम्ही मुलं सारख्याच ओढीने तिथे घोटाळत असू. घरावर राज्य माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं. नाना आमच्या ज्ञातीचे पंच होते. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, लग्नातल्या मानपानावरून कोणाचं बिनसलं की माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसत. नाना दोन्ही बाजू ऐकून घेत, मग पानाचा विडा लावत, आणि विडा रंगला की निकाल देत. त्यांच्या न्यायाची आसपासच्या गावांत ख्याती होती. ते कधी कोणाचं तोंड पाहून निकाल देत नाहीत असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं, कारण निकाल देताना ते डोळे मिटून घेत.

घरात नानांची धाकटी बहीण राहत असे, माझी भिमाआत्या. लग्नानंतर लौकरच नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. आमच्या घरात तिला कोणी कधी टाकून बोललं नाही, असं नाना चारचौघांत अभिमानाने सांगत. तसं कोणी बोललं नाही हे खरं. पण बाकीचंही कोणी फारसं बोलत नसे. दिवसभरात तिला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच होता, आणि तो माझी आई स्वयंपाकघरातून विचारत असे: "भिमाताई, अंडी आहेत का?" कारण कोंबड्या आत्याच्या होत्या. म्हणजे अगदी तिच्याही नव्हेत. कुंपणापलीकडे एंजेलीन मावशी राहायची, तिने आत्याला तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, वाट्यावर दिल्या होत्या. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, निघालेली पिल्लं दोघींत अर्धी अर्धी. दोघी कुंपणाशी उभ्या राहून पिल्लांची वाटणी करत तेव्हा एवढं हसत की वाटणी नेहमी चुकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागायची. सणाला मावशीकडून मैद्याचे तळलेले गरम गरम फुगे यायचे, आमच्याकडून सुकेळी जायची. आत्याचं आमच्या घरात जे काही स्थान होतं ते त्या खुराड्यावर उभं होतं, हे मला तेव्हा समजत नव्हतं. तिला समजत होतं.

आत्याची दुसरी मालमत्ता म्हणजे गंगी. पांढऱ्या अंगावर काळे डाग, एक कान फाटलेला. आत्या तिला भातात सुका जवळा कालवून घाली आणि जेवताना तिच्याशी बोले, कारण घरात जेवताना तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. गंगीचं आणि कोंबड्यांचं नातं काय होतं ते साऱ्या घराने पाहिलेलं होतं. एकदा खुडूक कोंबडीच्या फार जवळून गेली म्हणून त्या कोंबडीने गंगीच्या नाकावर अशी चोच मारली की पुढे ती अंगणातून जायची ती कुंपणाला चिकटून, एखाद्या सावकाराचं दार टाळत जावं तशी.

आत्याला रातांधळेपणा होता. सूर्य केळींच्या मागे गेला की तिला भांड्यातलं पाणी दिसत नसे. म्हणून तिन्हीसांजेला कोंबड्या आत घेऊन खुराड्याची फळी लावायची आणि फळीला दगड लावायचा, हे काम माझं होतं. घरातल्या एकुलत्या एक मुलाला दिलेलं हे एवढंच काम. बाकी वेळ मी अभ्यास करतो असं सगळे मानत. त्या वर्षी मात्र मला बाजाचं वेड लागलं. पलीकडच्या आळीत दुमिंग मास्तर ख्रिस्ती लग्नांत वाजवणारा बँड चालवत. त्यांच्या पडवीत रोज संध्याकाळी तालीम असे, आणि पितळी ट्रंपेट हातात धरलेला मास्तरांचा पुतण्या मला पृथ्वीवरचा सर्वांत सुखी माणूस वाटे. मी मास्तरांच्या मागे लागलो. त्यांनी एक चेपलेला जुना ट्रंपेट माझ्या हातात दिला. घरी सांगितलं की वर्गातल्या सोबत्याकडे गणितं सोडवायला जातो. तालमीची वेळ आणि फळीची वेळ एकच होती. निघायच्या घाईत मी कधी फळी नुसती टेकवून जाई, कधी तेही विसरे. माझ्या ट्रंपेटमधून जो आवाज निघे त्याचं वर्णन मास्तर "अडलेली म्हैस" असं करत, पण मला वाटे की मी प्रगती करतो आहे.

पिल्लं कमी होऊ लागली. एकेक करून, सकाळी उठून पाहावं तर एक नाही. मावशी कुंपणावरून आत्याला म्हणाली, "बाय, वाट्याची पिल्लं मोजताना आता हसू येईना गे." मी घाबरलो. कोणीतरी विचारणारच होतं की फळी कोण लावतं. ते विचारायच्या आत उत्तर तयार असलेलं बरं, असा विचार मी केला. त्याला विचार म्हणायचं की काय, हे आजही ठरवता येत नाही. खुराड्याजवळ कोंबड्याच्या शेपटीची लांब तांबडी पिसं पडलेली असत. त्यातली चारदोन उचलून मी गंगी जिथे झोपायची त्या चुलीमागच्या पोत्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ती सापडली आणि तिने नानांना हाक मारली.

नानांनी पद्धतशीर चौकशी केली. ओट्यावर जाजम घातलं गेलं. सकाळी कामावर जायच्या आधी माझे काका, आई, आत्या, कुंपणापलीकडून एंजेलीन मावशी, आणि मधोमध पोत्यावर ठेवलेली ती पिसं. आरोपी चौकटीत बसून पाय चाटत होती, आणि काकांनी पहिल्याच वाक्यात ते नोंदवलं.

"बघा दादा, पंचांसमोर बसून पाय चाटते. हिला काही चाड आहे?"

"ती रोज चाटते," आत्या म्हणाली.

"तेच म्हणतो मी. रोजची सवय आहे," काका म्हणाले.

आई म्हणाली की तिने गंगीला कोंबड्यांकडे टक लावून पाहताना पाहिलंय. नानांनी विचारलं, किती वेळ? आई म्हणाली, खूप. काका म्हणाले, पण परवा तर ती डोळे मिटून बसली होती. नाना म्हणाले, म्हणजे बेत करत असणार. अशा रीतीने डोळे उघडे ठेवणं आणि मिटणं, दोन्ही तिच्याविरुद्ध पुरावा झाले. एंजेलीन मावशीला बोलावं लागलं.

"भाऊ, माझ्या घरी मांजरं आहेत, कोंबड्या आहेत. थंडीच्या दिवसांत कोंबडीच्या पाठीला पाठ लावून झोपतात ती. बारीक पिल्लू एकटं उघड्यावर सापडलं तर मांजर नेईल, नाही म्हणत नाही. पण आई जवळ असली की कोणतं मांजर डोळे फोडून घ्यायला जाईल? आणि ही गंगी तर कोंबडीला बघून वाट बदलते."

"तुमची मांजरं वेगळी," नाना म्हणाले. "ती तुमच्या शिस्तीत वाढलेली."

"आणि आमची?"

"आमची लाडावलेली," काका म्हणाले, आणि कोणाच्या लाडाने ते सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

मग नानांनी मला विचारलं. मी शिकत असल्यामुळे माझ्या मताला वजन होतं. मी म्हणालो की मांजर हा मुळात शिकारी प्राणी आहे, वाघाच्या कुळातला, असं आमच्या पुस्तकात दिलंय. हे खरोखरच दिलं होतं. नानांनी मान डोलावली. शास्त्राचा आधार मिळाल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

तेव्हा आत्या म्हणाली, "दादा, गंगीला घालवू नका. खुराड्याची फळी लावायची माझ्याकडूनच राहिली. चूक माझी."

सूर्य मावळल्यावर भिंतीला हात लावत लावत मोरीकडे जाणारी माझी आत्या खुराड्यापर्यंत जाऊन फळी लावत होती म्हणे. हे खोटं आहे हे कळायला पंच असण्याची गरज नव्हती. पण कोणी तिला विचारलं नाही की अंधारात तू तिथे गेलीस कशी. काका पिसांकडे बघत राहिले. आईने पदर सावरला. मी पायाच्या अंगठ्याने जाजमाची कड उलटी सुलटी करत होतो. नानांनी विडा लावला, डोळे मिटले, आणि निकाल दिला. फळी न लावणाऱ्याची चूक त्याने आपणहून कबूल केली, म्हणून ती पदरात घेतली. पण उघड्या फळीचा फायदा घेणारी ती घेणारीच. गंगीला बंदरावर सोडून यावं. आणि परक्याची कोंबडी आपल्याकडे सुरक्षित नाही, तेव्हा भिमेने वाट्याच्या कोंबड्या मावशीला परत कराव्यात. सगळ्यांना न्याय मिळाला, असं काका म्हणाले.

नको असलेलं मांजर मच्छीच्या बंदरावर सोडायची आमच्या भागात रीत होती. तिथे खायला मिळतं, त्यामुळे पाप लागत नाही, असा हिशेब. न्यायचं कोणी, हा प्रश्नही आला नाही. सायकल मला चालवता यायची. गंगीला पोत्यात घालताना आत्याने तिला भात खायला दिला, पोत्याचं तोंड स्वतःच बांधलं, आणि मला म्हणाली, "गाठ सैल आहे, मधू. तिला श्वास घेऊ दे." वाटेत पोतं अजिबात हललं नाही. बंदराच्या अलीकडे मी उतरलो आणि पोतं गरागरा फिरवलं. असं केलं की मांजर दिशा विसरतं म्हणतात. मग गाठ सोडली. गंगी बाहेर आली, झोकांड्या खाल्ल्या, आणि बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली बसून पुन्हा पाय चाटू लागली. एक कोळीण तिथे बोंबील उलटत होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आनखी एक आनलंस? कोंबडी खाल्ली काय हिने?"

"पिल्लं," मी म्हणालो.

"सगली तेच सांगतात. तुमच्या बागायतवाल्यांकडे न्याय होतो आन् मांजरं आमच्या गलयात पडतात. एखांदा मानूस पन आना कधी पोत्यात घालून. बघू तरी कसा दिसतो चोर."

ती हसली आणि कामाला लागली. मी सायकल जी मारली ती घर येईपर्यंत थांबलो नाही.

पिल्लं जायची थांबली नाहीत. कोंबड्या परत करायला चांगला दिवस बघायचा होता, तोवर त्या आमच्याकडेच होत्या, आणि गंगी गेल्यापासून पिल्लं पूर्वीपेक्षा भराभर जाऊ लागली. यावर काकांनी सांगितलं की ती रात्रीची येते. बंदर कुठे, आमचं घर कुठे, मधे एवढी गावं. पण ती येते, पिल्लू नेते आणि उजाडायच्या आत परत जाते. आईला तर तिचा आवाजही ऐकू आला. हजर असताना जेवढे गुन्हे गंगीच्या नावावर नव्हते तेवढे ती हद्दपार झाल्यावर जमा झाले. अलीकडे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी का वाहिली याची चर्चा वाचताना मला काका फार आठवतात. दोष तिथेही नेहमी फ्लॅट सोडून गेलेल्या भाडेकरूचाच असतो.

शेवटी एंजेलीन मावशी आली, कोंबड्या काखेत मारल्या. आत्या दाराशी उभी होती. मावशी तिला म्हणाली, "मी सांभाळते गे, तुझ्याच आहेत," आणि जाता जाता माझ्याकडे वळून विचारलं, "काय बाबू, सूर लागला का रे?" ती दुमिंग मास्तरांची मावसबहीण होती. उत्तराची वाट न बघता ती कुंपणापलीकडे गेली.

रिकामं खुराडं मोडताना खालची फरशी उचलली, तर तिथे एक बीळ होतं, माणसाचा हात सहज जाईल एवढं. तोंडाशी पिवळी लव आणि अंड्यांची टरफलं. घूस. गंगी होती तोवर तिचा वावर बेताचा होता, गंगी गेल्यावर तिला रान मोकळं मिळालं. नाना बराच वेळ त्या बिळाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता ते जाजम घालायला सांगतील. त्यांनी माझ्याकडे फावडं दिलं आणि म्हणाले, "माती लोट." मी माती लोटली. त्यांनी पायाने ती दाबली, चांगली घट्ट होईपर्यंत. त्यानंतर आमच्या घरात त्या बिळाचा उल्लेख झाला नाही.

आई आत्याला अंडी विचारायची बंद झाली, कारण अंडी नव्हती. दुसरा प्रश्न कोणाला सुचला नाही. आत्या काही दिवस मागच्या दारी जवळ्याचा भात ठेवत राहिली, तो कावळे खात. पुढच्या उन्हाळ्यात सुकेळी उतरवून झाल्यावर ती दिराच्या घरी राहायला गेली. तिला तिकडे जास्त करमतं, असं नाना लोकांना सांगत. मी बाजा सोडला. गंगीसाठी सोडला, प्रायश्चित्त म्हणून, असं मी माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि तिला त्यात माझं मोठं मन दिसलं होतं. आता सगळंच खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो: मास्तरांनी मला काढलं. म्हणाले, "बाबू, देवाने तुला दुसरं काहीतरी दिलं असेल, तू ते शोध."

आत्या फार थकली तेव्हा मी तिला भेटायला गेलो. मी स्वतः तेव्हा पेन्शनीत निघालेलो होतो. तिला आता दिवसाही दिसत नव्हतं. सुकेळ्यांची पुडी तिच्या हातात दिली आणि जे आयुष्यभर घोकलं होतं ते सांगून टाकलं. फळी मी लावत नव्हतो. पिसं मी ठेवली. ती पुडीची गाठ सोडत होती, मोठ्या चिकाटीने. गाठ सुटल्यावर म्हणाली, "पिसं कोंबड्याची होती रे. लांब, तांबडी. एवढ्याशा पिल्लांना कुठून येणार तसली पिसं?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. तू संध्याकाळी कुठे असतोस ते काय लपत होतं? त्या बाजाचा आवाज केळीतून सरळ ओट्यावर यायचा. दादा म्हणायचा, आज जरा बरं वाजवतोय."

ज्या गोष्टीचं ओझं मी एवढी वर्षं एकट्याने वाहिलं असं समजत होतो, ती आमच्या ओट्यावर उघडी पडलेली होती, आणि सगळे तिला वळसा घालून चालत होते. नानांना निकाल देताना डोळे का मिटावे लागले तेही मला तेव्हा कळलं. घरात एकुलता एक मुलगा होता, एक विधवा बहीण होती आणि एक मांजर होतं. दोषाला जागा शोधायची होती, आणि ती खालून वर शोधत गेलं तर फार वर जावं लागत नाही.

आत्याने एक सुकेळं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. मग म्हणाली, "गंगी गेली ती गेली. कोंबड्याही गेल्या. निदान बाजा तरी नीट शिकायचा होतास, मधू."

नातवाला मी तो मेसेज पाठवला त्याच दिवशी फोन केला. मांजराला द्यायला त्याने कोणीतरी शोधलंही होतं, नालासोपाऱ्याचं कुटुंब, उद्या येणार होतं. मी म्हणालो, त्यांना नको म्हणून सांग. मांजर राहू दे.

"पण आजोबा, तुम्हीच म्हणालात धोका असतो."

"संध्याकाळी खुराड्याचं दार कोण लावतं?"

"मीच लावतो."

"रोज?"

तो म्हणाला, "म्हणजे... संध्याकाळी माझा गिटारचा ऑनलाइन क्लास असतो."

मी त्याला म्हटलं, क्लास सोडू नकोस. दार लाव, मग क्लासला बस. आणि खुराड्यातला तो आरसा काढ. खालची फरशी उचल आणि तिथे काय आहे ते नीट बघ. नुसती माती लोटू नकोस.